विश्लेषण : मुलांच्या किडनीतील गाठीला नाव मिळाले ते मॅक्स विल्म्स कोण होते? जन्मजात वेगळ्या किडनीत कर्करोग ओळखणे अवघड का?

सोलापूर : चार वर्षांच्या मुलाचे पोट फुगलेले दिसते. घरच्यांना वाटते, जंत झाले असतील. औषध दिले जाते, काही दिवस जातात. मग आंघोळ घालताना आईच्या हाताला एका बाजूला घट्ट गोळा लागतो. सोनोग्राफी होते, सीटी स्कॅन होतो आणि अहवालात दोन अनोळखी शब्द येतात : विल्म्स ट्यूमर. लहान मुलांच्या किडनीत होणारा हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. तरीही एकूण मुलांच्या संख्येच्या मानाने तो दुर्मीळच. त्यात मुलाच्या दोन्ही किडन्या जन्मतःच एकमेकींना जोडलेल्या असतील, तर निदान आणि शस्त्रक्रिया दोन्ही अधिक अवघड होतात. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते डॉ. मॅक्स विल्म्स शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका युद्धकैद्याचा जीव वाचवताना स्वतः दगावले. त्यांचे आयुष्य आणि त्यांनी मांडलेला विचार समजून घेतला, तर आजचे उपचारही समजायला सोपे जातात.

कोण होते मॅक्स विल्म्स?

विल्म्स यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८६७ रोजी पश्चिम जर्मनीतील ह्युन्सहोफेन या गावी झाला. आखेन शहराजवळचे हे गाव आता गाइलेनकिर्शेनमध्ये सामावले आहे. म्युनिक, मारबुर्ग, बर्लिन आणि बॉन येथे त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. १८९० मध्ये बॉन येथून त्यांनी पदवी घेतली. पुढे सर्जन म्हणून नाव कमावलेल्या या माणसाने सुरुवातीची उमेदवारी मात्र पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत केली. गीसन येथे शरीरातून काढलेल्या गाठींचे पातळ काप करणे, ते रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे त्यांचे रोजचे काम होते.

हा तपशील किरकोळ वाटला, तरी महत्त्वाचा आहे. त्या काळी सर्जन गाठ काढत आणि पॅथॉलॉजिस्ट ती तपासत. विल्म्स यांना दोन्ही येत होते. गाठ काढून टाकणे एवढ्यावर न थांबता ती कशापासून बनली आहे, हा प्रश्न त्यांना पडत होता. नंतर ते लायपझिग येथे फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या हाताखाली सर्जरीत दाखल झाले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाचे डोके खाली आणि पाय वर ठेवण्याच्या स्थितीला आजही जगभरातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांच्याच नावाने ओळखले जाते.

१८९९ च्या पुस्तकात काय होते?

लायपझिगमध्ये असताना, वयाच्या बत्तिशीच्या आत, विल्म्स यांनी मिश्र गाठींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वर्ष होते १८९९. त्याचा पहिला भाग किडनीतील गाठींवर होता. मुलांच्या किडनीतील अशा गाठी त्याआधीही डॉक्टरांनी पाहिल्या होत्या. इंग्लंडमध्ये १८१४ मध्ये अशा गाठीची नोंद झाली होती. कॅनडातील विल्यम ऑस्लर यांनी १८७९ मध्ये त्यावर लिहिले होते. लायपझिगमधलेच पॅथॉलॉजिस्ट बिर्श-हिर्शफेल्ड यांनीही या गाठींचे वर्णन केले होते. म्हणजे विल्म्स हे या गाठीचे पहिले निरीक्षक नव्हते.

मग नाव त्यांचे का? कारण विखुरलेल्या नोंदी त्यांनी एकत्र आणल्या, स्वतःकडील सात मुलांच्या गाठींची त्यात भर घातली आणि सर्वांना लागू पडेल असे स्पष्टीकरण दिले. या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली गोंधळात टाकणाऱ्या असत. एकाच गाठीत किडनीच्या नळ्यांसारखी रचना, स्नायूंचे तंतू, कधी कूर्चा, कधी चरबी दिसे. किडनीत स्नायू आणि कूर्चा आली कुठून, यावर प्रत्येकाचे वेगळे मत होते. कोणी या गाठीला स्नायूंची गाठ म्हणे, कोणी ग्रंथींची.

विल्म्स यांनी मांडले की, ही वेगवेगळ्या पेशींची सरमिसळ नसून एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्या आहेत. गर्भात अवयव घडत असताना ज्या पेशींचे पुढे काय व्हायचे हे ठरलेले नसते, त्याच पेशी मागे राहतात आणि त्यांच्यातून ही गाठ वाढते. म्हणूनच तिच्यात अनेक प्रकारच्या ऊती दिसतात. जनुके म्हणजे काय, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. तरीही या विचाराचा गाभा टिकला. आज डॉक्टर किडनीत शिल्लक राहिलेल्या गर्भावस्थेतील पेशींच्या बेटांविषयी बोलतात. किडनी घडण्याचे काम साधारण गर्भारपणाच्या छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. त्यानंतरही काही बाळांमध्ये अशी बेटे राहतात. बहुतेक बेटे आपोआप विरतात. फार थोड्यांचे रूपांतर कर्करोगात होते. १९९० मध्ये या आजाराशी संबंधित पहिले जनुक सापडले, त्याच्या नावातही विल्म्स यांचे आद्याक्षर आहे.

घोड्याच्या नालेसारखी किडनी म्हणजे काय?

जन्मजात वेगळ्या किडनीचा संबंध इथेच येतो. गर्भात दोन्ही किडन्या सुरुवातीला ओटीपोटात, एकमेकींच्या अगदी जवळ असतात. बाळ वाढते तशा त्या वर सरकतात आणि बरगड्यांखाली आपापल्या जागी जातात. या प्रवासाच्या सुरुवातीलाच दोघींची खालची टोके चिकटली, तर इंग्रजी यू अक्षरासारखी किंवा घोड्याच्या नालेसारखी एकच जोडकिडनी तयार होते. वर सरकताना तिचा मधला पूल आतड्याकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीखाली अडकतो. त्यामुळे ही किडनी नेहमीपेक्षा खालीच राहते.

साधारण ४०० ते ५०० माणसांमागे एकाची किडनी अशी असते. यातील अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा कळते. काहींना मूतखडा, लघवीचा वारंवार होणारा संसर्ग किंवा लघवी तुंबण्याचा त्रास होतो. कर्करोग हा त्यातला सर्वात कमी आढळणारा भाग.

मात्र काही दुर्मीळ कर्करोगांचे प्रमाण अशा किडनीत थोडे अधिक दिसते. मुलांमध्ये विल्म्स ट्यूमरचा धोका सर्वसाधारण मुलांच्या सुमारे दुप्पट मानला जातो. हा दुप्पट आकडा ऐकून घाबरून जाऊ नये. मूळ धोकाच फार लहान असल्याने दुप्पट होऊनही तो लहानच राहतो. जोडकिडनी असलेल्या बहुसंख्य मुलांना कधीही कर्करोग होत नाही. मोठ्या माणसांत किडनीच्या आतील मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आणि न्यूरोएंडोक्राइन प्रकारची अतिशय विरळ गाठ यांचे प्रमाणही अशा किडनीत अधिक आढळले आहे. लघवी तुंबून राहणे, वारंवार संसर्ग आणि खडे यांमुळे अस्तराला सतत होणारा त्रास हे पहिल्यामागचे एक कारण समजले जाते. प्रौढांतील नेहमीच्या किडनी कर्करोगाचे प्रमाण मात्र वाढलेले दिसत नाही.

निदानात चूक कुठे होते?

नेहमीच्या किडनीतील गाठ पोटाच्या एका बाजूला हाताला लागते. जोडकिडनीच्या मधल्या पुलात गाठ आली तर ती पोटाच्या मध्यभागी जाणवते. तेव्हा ती किडनीची आहे हेच लक्षात येत नाही. लसिकाग्रंथी किंवा मज्जातंतूंची गाठ असावी, असा समज होऊ शकतो. याउलट, निरोगी जोडकिडनीचा मधला पूलच सोनोग्राफीत गाठ म्हणून वाचला जाण्याची शक्यताही असते.

म्हणून अशा मुलांमध्ये सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला जातो. रक्तवाहिन्यांचा नकाशाही काढावा लागतो. साध्या किडनीला बहुतेक वेळा एक मुख्य धमनी असते. जोडकिडनीला अनेक असतात आणि त्या कुठून निघतील याचा नेम नसतो. मधल्या पुलालाही स्वतंत्र धमनी असू शकते. किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळ्या समोरून खाली उतरतात. सर्जनला हे आधी माहीत नसेल, तर शस्त्रक्रियेत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. छातीचा स्कॅनही आवश्यक असतो, कारण हा कर्करोग पसरला तर प्रथम बहुधा फुफ्फुसात जातो.

हायडलबर्गमध्ये विल्म्स यांनी काय केले?

१९०७ मध्ये विल्म्स स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सर्जरीचे प्राध्यापक झाले. १९१० मध्ये त्यांना जर्मनीतील हायडलबर्ग विद्यापीठाचे बोलावणे आले. किडनीच्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ही जागा साधी नव्हती. याच शहरात गुस्टाफ सिमॉन यांनी १८६९ मध्ये, आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, एका स्त्रीची एक किडनी ठरवून काढली होती आणि ती स्त्री बरी झाली होती. एका किडनीवर माणूस जगू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यांच्यानंतर आलेल्या विन्सेंझ चेर्नी यांनी १८८७ मध्ये संपूर्ण किडनी न काढता केवळ गाठीचा भाग काढला. आज जोडकिडनीतील गाठ काढताना डॉक्टर जे करतात, त्याची ही दोन पायाभूत पावले होती. सिमॉन आणि चेर्नी यांच्या त्याच खुर्चीवर विल्म्स बसले.

हायडलबर्गमध्ये त्यांचे काम किडनीपुरते नव्हते. क्षयरोगावर औषध नव्हते, त्या काळात आजारी फुफ्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून बरगड्यांचे तुकडे काढून छाती आत बसवण्याची शस्त्रक्रिया केली जाई. तिचा एक प्रकार विल्म्स यांनी विकसित केला. लुडविग वुलस्टाइन यांच्यासह त्यांनी संपादित केलेले सर्जरीचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती होते. मुलांच्या किडनीतील गाठीसाठी मात्र त्यांच्याकडे चाकूशिवाय काही नव्हते. १८७७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे थॉमस जेसप यांनी अशी गाठ असलेल्या दोन वर्षांच्या मुलाची किडनी काढली होती. शस्त्रक्रिया शक्य होती, पण त्या काळी बहुतेक मुले वाचत नसत. आजाराचे सर्वात अचूक वर्णन करणाऱ्या माणसाला तो बरा करण्याचे साधन आयुष्यात मिळाले नाही.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

१९१८ च्या मे महिन्यात पहिले महायुद्ध अजून सुरू होते. जर्मनीच्या ताब्यातील एक फ्रेंच अधिकारी घटसर्पाने गंभीर आजारी होता. घशाला सूज येऊन त्याचा श्वास कोंडला होता. विल्म्स यांनी तातडीने त्याची श्वासनलिका मोकळी करण्याची शस्त्रक्रिया केली. अशा शस्त्रक्रियेत रुग्णाच्या घशातील संसर्ग थेट डॉक्टरच्या तोंडावर येण्याचा धोका असतो. तेच घडले. कैदी वाचला, विल्म्स यांना घटसर्प झाला. काही दिवसांतच, १४ मे १९१८ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी हायडलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. युद्ध संपायला सहा महिने बाकी होते.

सोलापूरकरांना हा प्रसंग वाचताना भैय्या चौकातील स्मारकाची आठवण होईल. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तेथील जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. दोघांचे देश, काळ आणि आजार वेगळे. समोरचा रुग्ण आपल्या देशाचा आहे का, हे दोघांनीही पाहिले नाही.

उपचार कधी बदलले?

विल्म्स यांच्यानंतर अनेक वर्षे शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली, मग किरणोपचारांची जोड मिळाली. खरा बदल १९५० च्या दशकाच्या मध्यावर झाला. बोस्टनमधील सिडनी फार्बर आणि सहकाऱ्यांनी ॲक्टिनोमायसिन डी हे औषध या मुलांना दिले आणि पसरलेला आजारही मागे हटू लागला. पुढे व्हिन्क्रिस्टिन आले. १९६९ मध्ये अमेरिकेत आणि १९७१ मध्ये युरोपात अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन पद्धतशीर अभ्यास सुरू केले. सुसज्ज केंद्रांत वेळेवर उपचार मिळाल्यास आज दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. मोठ्यांच्या अनेक कर्करोगांपेक्षा हे चित्र चांगले आहे.

उपचारांचे दोन मार्ग आहेत. अमेरिकेत बहुधा आधी शस्त्रक्रिया करून मग केमोथेरपी दिली जाते. युरोपात बहुधा आधी काही आठवडे केमोथेरपी देऊन गाठ लहान केली जाते, मग शस्त्रक्रिया होते. जोडकिडनीत दुसरा मार्ग अनेकदा सोयीचा ठरतो. गाठ आक्रसल्यावर तिची कड स्पष्ट दिसते, रक्तवाहिन्या वेगळ्या करता येतात. मग मधला पूल कापून गाठ असलेला अर्धा भाग काढतात आणि निरोगी अर्धा जपतात. नेमका कोणता मार्ग, हे गाठीचा आकार, तिचा टप्पा आणि पेशींचा प्रकार पाहून ठरते. काहींना किरणोपचारही लागतात.

सोलापूर जिल्ह्यात पालकांनी काय करावे?

जिल्ह्यात कर्करोगाच्या कामाची मोठी परंपरा आहे. बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी तालुका आणि शेजारचे परंडा व भूम तालुके मिळून १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथेच सुरू झाली. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरायचे आणि परळ गाठायचे, हा रस्ता जिल्ह्यातील अनेक कुटुंबांच्या पायाखालचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके करतात. त्या वेळी पोटाबद्दलची शंका मोकळेपणाने सांगावी.

हा आजार बहुधा पाच वर्षांखालील मुलांत दिसतो. पोटात न दुखणारा गोळा, एकाच बाजूने पोट वाढणे, लघवीतून रक्त, कारण न सापडणारा ताप आणि लहान वयात वाढलेला रक्तदाब ही लक्षणे लक्षात ठेवावीत. मूल खेळते, जेवते म्हणून गोळ्याकडे दुर्लक्ष करू नये. या आजारात मूल बराच काळ ठणठणीत दिसते.

गोळा लागल्यास तो घरच्यांनी, पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये. पोट चोळू नये. गाठ फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि उपचार वाढतात. त्याच कारणाने गाठीतून सुईने तुकडा घ्यायचा की नाही, हे मुलांच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मुलाची किडनी जोडलेली आहे हे आधीपासून माहीत असेल, तर पोटाच्या कोणत्याही तक्रारीच्या वेळी ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे आणि जुना सोनोग्राफी अहवाल दाखवावा. सोनोग्राफी किती दिवसांनी करायची, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. जन्मतः डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा नसणे किंवा शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणे अशा खुणा असलेल्या मुलांना मात्र लहानपणी साधारण दर तीन महिन्यांनी पोटाच्या सोनोग्राफीचा सल्ला दिला जातो.

उपचार सुरू झाल्यावर मध्येच थांबू नयेत, ही सर्वात महत्त्वाची गोष्ट. पहिल्या काही आठवड्यांत गोळा लहान होतो, मूल हसू-खेळू लागते आणि गाडीभाडे, बुडणारी मजुरी यांचा विचार करून काही कुटुंबे परत जात नाहीत. राहिलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि दुसऱ्या वेळी आजार आटोक्यात आणणे अधिक कठीण होते. पैशांची किंवा राहण्याची अडचण असेल, तर उपचार सोडण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन सांगावे. अनेक मोठ्या रुग्णालयांत मुलांसोबत आलेल्या पालकांच्या निवासाची व्यवस्था होऊ शकते.

आणखी एक सूचना मुंबईला निघणाऱ्यांसाठी. फाइलमध्ये केवळ कागदी अहवाल ठेवू नका. स्कॅनची सीडी आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळेकडून मेणाचे ब्लॉक व काचेच्या स्लाइड्स मागून घ्या. मोठ्या केंद्रातील डॉक्टर त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि गाठीतील पेशी कोणत्या, हे नक्की करूनच औषधे ठरवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी विल्म्स लायपझिगमध्ये हेच करत होते.